घमेलं कुणाच्या डोक्यावर?

कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंगला जाणाऱ्यांना एक सूचना हमखास मिळते: सकाळी वेळेवर या, पाणी सुटलं की निघायचं. भर एप्रिलमध्ये आजूबाजूच्या ओढ्यांतले खडक उघडे पडलेले असताना ही एकटी नदी फेसाळत असते. कारण ते पाणी मुळात तिचं नाहीच. ते सह्याद्रीच्या पलीकडचं, मुळशीचं. मुळा नदीचं हे पाणी खरं तर पुण्याकडे, मग भीमेत, पुढे कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचं. धरण बांधून ते अडवलं, डोंगरातून पश्चिमेला वळवलं आणि सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरातल्या चक्रांवर सोडलं. वीज करून झाल्यावर जे पाणी उरतं, त्यावर आपण हेल्मेट घालून ओरडत तरंगतो.

भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. त्याआधी १९१५ साली खोपोलीचं आणि १९२२ साली भिवपुरीचं. तिन्ही टाटांची, आणि तिन्ही आजच्या रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. मुळशीच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. धरण झालंच. वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली.

मी कासूची. पेण आणि नागोठणे यांच्या मधलं हे गाव. दिवा-रोहा गाडी इथे थांबते आणि मुंबई-गोवा महामार्ग शेजारून जातो. भिऱ्याची वीज मुंबईला जाऊ लागली तेव्हा आमच्या बाजूच्या खेड्यांत कंदील होते. राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं १९६० साली, आणि गावोगाव खांब उभे करण्याच्या कामाला जोर आला तो त्यानंतर. त्यातही कागदावरचा उजेड वेगळा. १९९७ पर्यंतची सरकारी व्याख्या अशी होती, की महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली गेली की ते गाव 'विद्युतीकृत'. एका पंपाला तार जोडली तरी चालायचं. मग गावापासून दोन-तीन किलोमीटरवर डोंगराला लागून असलेली ठाकूरवाडी किंवा कातकरवाडी अंधारात असली तरी हिशोबात ती उजळलेलीच.

म्हणून 'ऑफ-ग्रिड' हा शब्द मी पहिल्यांदा एका व्हिडिओत ऐकला, तेव्हा मला गंमत वाटली. निवेदक कौतुकाने सांगत होता की त्याच्या घराला तार जोडलेलीच नाही. आमच्या जिल्ह्यात लोक पिढ्यान् पिढ्या तसेच राहिले होते. त्याला कुणी नाव दिलं नव्हतं, इतकंच.

आपली सुरुवात खड्ड्यापासून

आज घरच्या घरी ऊर्जा तयार करण्याचा नाद असलेले लोक भेटले की बोलणं पॅनेल, लिथियमचे सेल आणि इन्व्हर्टर यांवर येतं. त्यांचा हा नाद मला आवडतो, मलाही तो आहे. पण महाराष्ट्रातला या नादाचा इतिहास सूर्यापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो मैल्यापासून. त्याचे मोठे खटपटे लोक ऊर्जातज्ज्ञही नव्हते. एक गांधीवादी कार्यकर्ता, एक सरकारी दवाखान्यातला डॉक्टर, एक वनस्पतिशास्त्रज्ञ, अशी ही माणसं.

पहिला मुक्काम मुंबईतलं माटुंगा. तिथे १८९० साली निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उघडला. त्यामागे होते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ. मराठी साहित्याच्या वाचकांना हे नाव दुसऱ्या कारणाने माहीत असेल: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर पोवाडे गोळा करून १८९१ साली छापणारे अ‍ॅकवर्थ ते हेच. तर या आश्रमाच्या मैलापाण्याच्या टाक्यांवर १८९७ साली वायू गोळा करण्याची सोय करण्यात आली. बंद टाकीत, हवेशिवाय मैला कुजला की त्यातून मिथेन निघतो आणि तो जळतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात १८९५च्या सुमारास अशाच वायूवर रस्त्यातले दिवे लावून झाले होते. माटुंग्यात त्यावर इंजिन चालवलं गेलं. भारतातल्या बायोगॅसचा इतिहास सांगताना आजही बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात.

मला यात तंत्रापेक्षा जागा महत्त्वाची वाटते. ज्या माणसांना शहराने स्वतःपासून दूर ठेवलं होतं, त्यांच्याच मैल्यातून हा जाळ निघाला. आणि तो मैला टाकीपर्यंत न्यायला कुणाचे तरी हात लागत होते. या कथेत पुढे प्रत्येक वळणावर हे हात पुन्हा दिसतात.

पन्नास किलो शेण

गोबर गॅस घराघरात न्यायचा तर यंत्र साधं हवं. ते दिलं जशभाई पटेल यांनी. १९५१च्या सुमारास त्यांनी 'ग्रामलक्ष्मी' नावाचा नमुना तयार केला: जमिनीत विहिरीसारखा गोल खड्डा, त्यात शेणकाला, आणि वर उपडी ठेवलेली लोखंडी टाकी. गॅस भरला की टाकी वर चढते, वापरला की खाली बसते. गॅस किती उरलाय हे बघायला मीटर नको, टाकीकडे नजर टाकली की झालं. १९६०च्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने हाच नमुना उचलला आणि तो देशभर 'खादी आयोगाचा प्लांट' म्हणून ओळखला जाऊ लागला. १९८१-८२पासून राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम आला, अनुदान मिळू लागलं आणि परसात असे खड्डे खणले जाऊ लागले. लोखंडी टाकी गंजते आणि महागही पडते, म्हणून पुढे जमिनीखाली पक्क्या घुमटाचे नमुने आले. १९८४चा 'दीनबंधू' त्यातला सर्वात गाजलेला.

हिशोब सोपा आहे. रोज २ घनमीटर गॅस हवा असेल तर रोज सुमारे ५० किलो शेण लागतं आणि तेवढंच पाणी. एक घनमीटर गोबर गॅस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम एलपीजी. म्हणजे दोन घनमीटरच्या प्लांटमधून रोज सुमारे ९०० ग्रॅम एलपीजीएवढा जाळ मिळतो, आपला १४.२ किलोचा सिलिंडर सोळा दिवसांत संपवणाऱ्या घराइतका. चार-पाच माणसांचा स्वयंपाक आरामात होतो. धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत, भांडी काळी होत नाहीत. शिवाय खड्ड्यातून बाहेर पडणारी मळी शेतात खत म्हणून जाते. कोकणातली उबदार हवा तर या जिवाणूंना मानवणारीच. थंडीत तापमान २० अंशांखाली गेलं की त्यांचं काम मंदावतं, पण आमच्याकडे तसे दिवस थोडे.

मग आमच्या भागात घरोघरी तो टिकला का नाही? पुस्तकी उत्तर असं, की मोठं जनावर दिवसाला साधारण १० किलो शेण देतं, म्हणजे पाच जनावरं पुरेत. कोकणातली गाय लहान चणीची, आणि दिवसभर रानात चरणारी. गोठ्यात सापडतं ते फक्त रात्रीचं शेण. त्यावर आणखी एक हक्कदार आहे: राब. भाताची रोपं टाकण्याआधी जमिनीवर शेण, कवळ, पातेरा पसरून भाजतात. त्यासाठी उन्हाळाभर शेण साठवावं लागतं. शेण खड्ड्यात घालायचं की राबासाठी ठेवायचं, हा वाद प्रत्येक घरातला होता.

तिसरं कारण मला माझ्या काकीने सांगितलं. रोह्याच्या बाजूला तिच्या सासरी असा प्लांट होता. खाऱ्या, दमट हवेत टाकी गंजली आणि एक दिवस भंगारात गेली. मी विचारलं, परत का नाही बसवली? ती म्हणाली, "बाय, गॅस आला, पण घमेलं गेलं नाही."

तिने मला हिशोब करून दाखवला. पन्नास किलो शेण म्हणजे चार-पाच घमेली. पन्नास लिटर पाणी म्हणजे तीन-चार हंडे, तेही उन्हाळ्यात, लांबच्या विहिरीवरून. मग ते दोन्ही हाताने कालवायचं, त्यातल्या काड्या आणि खडे वेचून काढायचे, नाहीतर तोंड बुजतं. हे रोज. ताप आला तरी, माहेरी जायचं असलं तरी, पावसात परस चिखलाने भरलं तरी. लाकडाची मोळी जड असते, पण एकदा आणली की तीन-चार दिवस जातात. प्लांटला सुट्टी नव्हती. त्याचा फायदा सगळ्या घराचा होता आणि काम तिचं होतं. गावात प्लांटवाला म्हणून मात्र काका ओळखले जात.

आप्पासाहेबांचा प्रश्न

हा प्रश्न सर्वात आधी आणि सर्वात कडवटपणे विचारला तो कोकणातल्याच एका माणसाने. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे आप्पासाहेब. जन्म १८९४. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत.

१९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात राजकीय कैदी होते. त्यांनी मागणी केली ती चांगल्या जेवणाची नव्हे, तर मैला उचलण्याचं काम मिळावं याची. तुरुंगात ते काम जातीवर ठरलेलं होतं, ब्राह्मण कैद्याला ते देणं नियमात बसत नव्हतं. आप्पासाहेबांनी अन्नसत्याग्रह केला. ३ डिसेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केलं, आणि सरकारला लवकरच नमतं घ्यावं लागलं.

पण एका ब्राह्मणाने मैला उचलला म्हणून बाकीच्यांची त्यातून सुटका होत नाही, हे त्यांना कळत होतं. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम सुरू केला आणि खटपट सुरू झाली: कुणालाच मैला उचलावा लागणार नाही असा संडास. सोपा, स्वस्त, खेड्यातल्या गवंड्याला बांधता येईल असा. तो 'गोपुरी संडास' म्हणून ओळखला गेला. याच खटपटीत १९५०च्या दशकात संडासाला जोडलेल्या गॅस प्लांटचे प्रयोग झाले. मैला स्वतःच्या वजनाने आणि पाण्याने टाकीत जाईल, तिथे कुजेल, जाळायला गॅस देईल आणि खत होऊन बाहेर पडेल. मध्ये कुणाचं डोकं आणि कुणाची पाटी नाही.

ऊर्जेच्या इतिहासात हे नाव सहसा येत नाही, कारण आप्पासाहेब ऊर्जेच्या मागे नव्हतेच. पण घरच्या ऊर्जेच्या यंत्राला विचारायचा पहिला प्रश्न त्यांनीच घालून दिला: यात रोजचं घाणीचं काम कुणाच्या वाट्याला येतं? बाकीचे लोक गॅस किती मिळतो ते मोजत होते, हा माणूस हात मोजत होता.

त्यांचं काम पुढे नेलं डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी. १९६०च्या आसपास ते देहूच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून गेले. तुकोबांचं गाव, आणि दवाखान्यात रांग जुलाब आणि जंतांच्या रोग्यांची. औषध द्यायचं, रोगी बरा व्हायचा, उघड्यावरच्या घाणीमुळे पुन्हा आजारी पडायचा. डॉक्टरांच्या लक्षात आलं की इलाज संडासाचा करायला हवा. त्यांनी बांधलेले सुरुवातीचे संडास टिकले नाहीत. मग त्यांनी आप्पासाहेबांच्या कामाचा अभ्यास केला आणि गावच्या जमिनीला, गावच्या खिशाला परवडेल असे बदल करत राहिले. त्यातून 'मलप्रभा' हा संडासाच्या मैल्यावर चालणारा बायोगॅस प्लांट तयार झाला. त्यात मैल्याला हात लावायची वेळ कधी येत नाही.

लोक काय म्हणाले असतील याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती नको. 'त्या' गॅसवर शिजवलेलं अन्न? मिथेनला जात नसते आणि वासही नसतो, पण माणसाच्या मनाला दोन्ही असतात. मापुसकरांनी आयुष्य देहूतच काढलं आणि आपल्या संस्थेला नाव दिलं 'आप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन'. २०१५ साली ते गेले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

गायीने खाऊन उरलेलं

पन्नास किलोचं घमेलं हलकं करण्याचा मार्ग पुण्यात सापडला. डॉ. आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू, इरावती आणि दिनकर कर्व्यांचे पुत्र. त्यांनी पुण्यात 'आरती' ही ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणारी संस्था उभी केली. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी तिला २००२ साली इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला होता.

त्यांचा युक्तिवाद ऐकला की वाटतं, हे आधी कुणाला कसं सुचलं नाही! शेण म्हणजे काय? गायीने चाऱ्यातलं सत्त्व काढून घेतल्यावर उरलेलं. गॅस तयार करणारे जिवाणू गायीच्या पोटातही असतात. मग त्यांना उष्टं कशाला द्यायचं? सरळ पिठूळ, गोड, पचायला सोपं अन्न द्या: शिळा भात, खराब झालेलं पीठ, नासकी फळं, खरकटं. २००३ साली त्यांनी यावर चालणारा छोटा प्लांट तयार केला. संस्थेचा हिशोब असा, की एका छोट्या घराच्या प्लांटला रोज दोनेक किलो असं अन्न पुरतं आणि त्याचा गॅस एका दिवसात मिळतो. शेणाला तेवढ्याच कामासाठी कितीतरी पट वजन आणि कित्येक आठवडे लागतात. २००६ साली याच प्लांटला पुन्हा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

हौशी लोकांनी हा प्लांट उचलला याचं कारण त्याचं सामान. गच्चीवर असते तशी पाण्याची प्लास्टिकची टाकी, तोंड कापलेली. तिच्यात थोडी लहान टाकी उपडी. एक नळी, एक कॉक, एक शेगडी. तालुक्याच्या बाजारात सगळं मिळतं. खड्डा नाही, गवंडी नाही, गंज नाही. जशभाईंची तरती टाकी आणि पाण्याची टाकी यांचा हा संसार.

पण या टाकीलाही पोट आहे. तिला रोज भरवावं लागतं, आणि मापात. सणाला उरलेलं सगळं एकदम ओतलं तर आतला काला आंबट होतो, मिथेन करणारे जिवाणू मरगळतात आणि शेगडी पेटत नाही. लिंबाच्या साली, हाडं, कांद्याची टरफलं तिला सोसत नाहीत. घरात खरकटं वेगळं कोण काढतं? मिक्सरमधून कोण फिरवतं? घमेल्याचं पातेलं झालं, वजन पंचवीस पट कमी झालं, ही फार मोठी गोष्ट आहे. तरी पातेलं घेऊन गच्चीवर जाणारं माणूस बहुतेक घरांत तेच राहिलं.

वादळानंतरचा उजेड

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. देश टाळेबंदीत होता. खांब काडीसारखे मोडले, तारा शेतात पडल्या. किनाऱ्याकडच्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. आमच्याकडे तेवढी वाईट स्थिती नव्हती, तरी त्या दिवसांत लोक ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करत होते. मुलांची शाळा फोनवर आली होती आणि फोन बंद होते. आमच्या बाजूला अनेकांना सोलरचा नाद लागला तो तेव्हा. मलाही.

एक गोष्ट मला त्यानंतर कळली. छपरावर सोलर असलेल्या कित्येक घरांतही अशा वेळी अंधार असतो, भर उन्हात. कारण बिल कमी करण्यासाठी बसवलेलं सोलर बहुधा ग्रिडला जोडलेलं असतं. बाहेरची वीज गेली की त्याचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. नाहीतर तुमच्या छपरावरची वीज तारेत जाईल आणि तार जोडायला खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसेल. २०२४पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, ते याच ग्रिडला जोडलेल्या सोलरला. बिलासाठी ते उत्तम आहे. वादळासाठी बॅटरी लागते.

बॅटरीचं गणित मी वहीत मांडलं. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास: १८० वॅट-तास. तीस वॅटचे दोन बीएलडीसी पंखे दहा तास: ६००. फोन आणि वायफाय धरून साधारण ९००, म्हणजे युनिटला थोडं कमी. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते, पण ती टिकवायची तर निम्मीच वापरायची. म्हणजे बरोबर एक रात्र. ती भरायला चांगल्या उन्हात ५०० वॅटचं पॅनेल पुरून उरतं. जुलैत नाही पुरत. कोकणात वीज सर्वात जास्त जाते ती पावसाळ्यात, आणि ऊन सर्वात कमी असतं तेही पावसाळ्यातच. ज्याला पूर्णपणे तार तोडायची आहे, त्याने आधी हे गणित मांडावं.

गणितात न बसणारा भाग पुढे आहे. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं. टर्मिनलवर पांढरी बुरशी येते, ती पुसायची असते. पॅनेलवर महामार्गाची धूळ बसते, कावळे शिटतात, पावसात कडेला शेवाळ धरतं. कोकणी कौलावर किंवा निसरड्या पत्र्यावर चढून ते कोण धुणार? लिथियम फेरो फॉस्फेटच्या बॅटरीला पाणी लागत नाही, पण कोणता लोड कधी बंद करायचा हे कुणीतरी पाहावंच लागतं.

वादळानंतर मी आणखी एक पाहिलं. दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले लाइनमन चिखलात उभे राहून खांब रोवत होते, शाळेच्या पडवीत झोपत होते. ज्याला आपण 'ग्रिड' म्हणतो, ते काम करणाऱ्यांचं जाळं आहे. बटण दाबताना ती माणसं दिसत नाहीत. तार तोडली की ते सगळं काम घरात येतं, आणि घरात ते कुणाच्या तरी एकाच्या अंगावर पडतं.

आपलं आपण

हे काम पूर्णपणे स्वतःच्या अंगावर घेतलेली एक व्यक्ती पुण्याच्या बुधवार पेठेत राहत होती. डॉ. हेमा साने. गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, पुस्तकं लिहिली, आणि घरात वीज कधी घेतलीच नाही. बातम्यांनी त्यांना नवल म्हणून दाखवलं. मला त्यात नवलापेक्षा प्रामाणिकपणा दिसतो: गरज स्वतः ठरवली आणि तिचा भार दुसऱ्या कुणावर टाकला नाही. सगळ्यांना हे जमणार नाही, लहान मुलं आणि आजारी माणसं असलेल्या घराने ते करूही नये. पण मोजायची पट्टी म्हणून ते लक्षात ठेवावं.

कारण सध्या पेण, रोहा, सुधागड या तालुक्यांत दुसऱ्या जातीचं 'ऑफ-ग्रिड' वाढतं आहे. शहरातल्या माणसाचं फार्महाऊस, छपरावर पॅनेल, लिथियमची बॅटरी, मागे बायोगॅसची टाकी. शनिवारी फोटो निघतात. सोमवार ते शुक्रवार पॅनेल पुसतं कोण, टाकीत खरकटं किंवा शेण घालतं कोण? आवारातल्या एका खोलीत राहणारं केअरटेकर जोडपं. बऱ्याचदा जवळच्याच वाडीवरचं. मालकाने स्वावलंबनाची सगळी सामग्री विकत घेतली आणि घमेलं पगारावर ठेवलं. पगार नीट असेल तर ती नोकरी आहे, त्यात वाईट काही नाही. फक्त त्याला स्वावलंबन म्हणू नये. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात ज्या गोष्टीसाठी एक माणूस उपाशी राहिला, तिचा नवा, चकचकीत अवतार आपण परसात बसवत नाही ना, एवढं तरी तपासावं.

मला यंत्रांवर राग नाही. उलट मी या खटपट्या माणसांच्या बाजूची आहे. त्यांच्या कामात एक रेषा दिसते. माटुंग्यात मैला टाकीत गेला तेव्हा तो नेणारे हात कुणाच्या गणतीत नव्हते. आप्पासाहेबांनी ते मोजले, मापुसकरांनी ते लागणारच नाहीत अशी रचना केली, कर्व्यांनी घमेल्याचं पातेलं केलं. प्रत्येक पायरीवर खरी सुधारणा झाली ती रोजचं काम कमी झालं तिथे, किंवा ते वाटून घेतलं गेलं तिथे.

तुमच्यापैकी कुणी घरासाठी असं काही करणार असेल, तर वॅट आणि लिटरच्या आधी एक कागद घ्या. त्यावर रोजची कामं लिहा, आठवड्याची लिहा, पावसाळ्याची लिहा. प्रत्येकापुढे नाव लिहा. एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल आणि ते तुमचं नसेल, तर त्या माणसाला आधी विचारा. आमच्या घरात तो कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे. टाकीचं पातेलं सोमवारी आणि गुरुवारी बाबांकडे आहे, बॅटरीचं पाणी आणि पॅनेल धुणं माझ्याकडे, बाकीचे वार भावाकडे. आईच्या नावापुढे एकच काम लिहिलंय: शेगडी पेटली नाही तर आरडाओरडा करणे. ते ती चोख करते.